घर रिकामं करण्याचा वाद: सोलापुरातल्या घरमालकाने आणि भाडेकरूने पायरी पायरीने काय करावं

सोलापुरातल्या भाड्याच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एक म्हणजे पेठांमधले जुने वाडे, गिरण्यांच्या काळातल्या चाळी आणि नवी पेठेतले गाळे. तिथला भाडेकरू दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतला असतो, भाडं महिन्याला काहीशे रुपये असतं आणि लेखी करार कुणी पाहिलेला नसतो. दुसरा प्रकार जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या फ्लॅटांचा. तिथे अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि मध्ये एजंट. वाद पेटला की दोन्हीकडे भाषा मात्र सारखीच. मालक म्हणतो, ‘कुलूप ठोकतो.’ भाडेकरू म्हणतो, ‘मग मी भाडंच देत नाही.’

यात दोघंही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. जागा मालकाची असली तरी राहत्या माणसाला बाहेर काढायला कोर्टाचा हुकूमनामा लागतो. भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, पण ते भाडं भरत राहण्यावर टिकून आहे. पुढची प्रत्येक पायरी या दोन गोष्टींवर उभी आहे.

पायरी १: राहणारा माणूस भाडेकरू आहे की लायसन्सवर आहे?

वकिलाकडे जाण्याआधी हे ठरवा, कारण इथून दोन वेगळ्या वाटा फुटतात.

जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याआधी आपल्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. त्यातली गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस बजावलं. नव्या कायद्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा आली. दीडशे रुपये भाड्यावर ही वाढ सहा रुपयेच होते, हे खरं. तरीही अनेक मालकांनी ती कधी मागितलेलीच नसते आणि मग एकदम दहापट भाडं मागून भांडण ओढवून घेतात.

‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असेल तर राहणारा माणूस भाडेकरू ठरत नाही. त्याला ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी असते. मुदत संपली की राहत्या घरासाठी कलम २४ खाली जलद मार्ग मोकळा होतो. तो पायरी ५ मध्ये येईल.

दोन अपवाद लक्षात ठेवा. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. शिवाय हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे. सोलापूर शहर त्यात येतं. महापालिका हद्दीबाहेरच्या गावातली जागा असेल तर तिथे तो लागू आहे का, हे आधी तपासून घ्या. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस देऊन दावा करता येतो.

पायरी २: कागद गोळा करा

मालकाने काढायचे कागद: सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, महापालिकेचा कर आकारणी उतारा, भाडेपावत्यांची स्थळप्रत आणि आधीच्या नोटिसा. वाडा वडिलोपार्जित असेल तर वारसांची नोंद झाली आहे का ते पाहा. भावाभावांत वाटणी झालेली नसते आणि भाडं एकटाच घेत असतो. मग ‘मालक नेमका कोण’ याच मुद्द्यावर सुरुवातीचा बराच वेळ जातो.

भाडेकरूने काढायचे कागद: पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, मुलांच्या शाळेचे दाखले, दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्टचा दाखला. मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्या मृत्यूच्या वेळी घरातलं कोण त्याच्यासोबत राहत होतं, हे सिद्ध करणारे कागद सगळ्यांत मोलाचे. भाडेहक्क त्या सोबत राहणाऱ्या माणसाकडे जातो. पुण्यात फ्लॅट घेऊन स्थायिक झालेल्या मुलाला सोलापूरच्या खोलीवर सहजासहजी हक्क सांगता येत नाही.

भाड्याची पावती देणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. विडी वळून घर चालवणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं रोख भाडं देतात आणि हातात एकही पावती नसते. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, की आजपासून भाडं मालकाच्या बँक खात्यात किंवा फोनवरून भरा. तो घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारून आलेला कागद जपून ठेवा. ‘मी भाडं द्यायला तयार होते’ हे कोर्टात याच कागदावरून ठरतं.

करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असं कलम ५५ सांगतं. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा तोटा असा, की नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना आठ हजार आणि परत करायचं डिपॉझिट पन्नास हजार असेल, तर अकरा महिन्यांच्या कराराला ते अडीचशे रुपयांच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी एक हजार. नोंदणी ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं ही वेगळी गोष्ट आहे, ती केली म्हणून नोंदणी झाली असं होत नाही.

पायरी ३: कारण कायद्यात बसतं का ते पाहा

‘माझी जागा आहे, मला नको आहे तो’ हे कारण कायद्यात नाही. कलम १५ आणि १६ मध्ये ठरावीक कारणं दिली आहेत. आपल्याकडे वारंवार येणारी तेवढीच इथे घेतो.

थकबाकी. या कारणावर दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. ९१व्या दिवसाआधी दाखल केलेला दावा तिथेच अडतो. दावा झाल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली आणि दाव्याचा खर्चही दिला, तर या कारणावर त्याला काढता येत नाही. मात्र दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडंही नियमित भरत राहावं लागतं. नेमकं इथेच भाडेकरू घसरतात. एकदा मोठी रक्कम भरतात, वकिलाला ‘भरले’ म्हणून सांगतात आणि पुढचे महिने विसरतात. ती सवलत मग हातची जाते. कोर्टात भरण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा.

मालकाची स्वतःची गरज. सर्वांत जास्त चुरस इथे होते. समजा साखर पेठेतल्या वाड्यात वरच्या दोन खोल्यांत मालकाचं सहा जणांचं कुटुंब राहतं, खालच्या तीन खोल्या भाड्याने आहेत आणि थोरल्या मुलाचं लग्न ठरलं आहे. गरज खरी आणि प्रामाणिक आहे हे मालकाने सिद्ध करायचं. स्वतःसाठी कोणती जागा सोयीची हे मालकाने ठरवावं, भाडेकरूने त्याला शिकवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. पण तेवढ्यावर निकाल लागत नाही. कलम १६(२) प्रमाणे कोर्ट तुलना करतं: हुकूम दिला तर भाडेकरूला जास्त त्रास, की नाकारला तर मालकाला? दोघांपैकी कुणाकडे दुसरी जागा आहे? जागेचा काही भाग देऊन दोघांचंही भागेल का? वरच्या उदाहरणात तीनपैकी एक खोली मालकाला मिळावी असाही हुकूम होऊ शकतो.

म्हणून मालकाने शहरातल्या आपल्या सगळ्या जागा दाव्यातच उघड कराव्यात. विजापूर रोडवरचा फ्लॅट लपवला आणि उलटतपासणीत तो निघाला, तर कोर्टाचा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. भाडेकरूने दुसरी जागा शोधल्याचा पुरावा ठेवावा: कुठे विचारलं, किती भाडं सांगितलं, आपली मिळकत किती. ‘माझी अडचण होईल’ एवढ्या विधानाला फारसं वजन नाही. आणि हुकूमानुसार ताबा मिळाल्यापासून महिनाभरात मालक स्वतः राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरूला कलम १७ खाली जागा परत मागता येते. अशा वेळी शेजाऱ्यांशी संपर्क ठेवणं भाडेकरूच्या उपयोगी पडतं.

पोटभाडेकरू. नवी पेठेतल्या गाळ्यांचे बरेच वाद या प्रकारात मोडतात. मूळ भाडेकरू दिसतच नाही, गल्ल्यावर दुसराच बसतो आणि विचारलं की ‘भागीदार आहे’ असं उत्तर मिळतं. जागेचा ताबा पूर्णपणे त्रयस्थाकडे गेला आहे, हे मालकाने दाखवलं की खुलासा करण्याचं ओझं भाडेकरूवर येतं. जीएसटी नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट आणि पाटीवरचं नाव कुणाचं, हे पुरावे इथे बोलतात. भागीदारी खरी असेल तर भागीदारीपत्र, बँक खातं आणि हिशेबाच्या वह्या दाखवता आल्या पाहिजेत.

वापर नसणं. दाव्याच्या आधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा वापरलीच नसेल, तर तेही कारण होतं. मुलं पुण्याला नोकरीला, आई-वडील त्यांच्याकडे आणि इथल्या खोलीला कुलूप, ही परिस्थिती आता घराघरांत आहे. महावितरणच्या बिलावर महिनोन्‌महिने शून्य युनिट दिसत असेल तर मालकाच्या हातात तो चांगला पुरावा आहे. आजारपणासाठी बाहेरगावी असाल तर दवाखान्याचे कागद सांभाळा.

पक्कं बांधकाम आणि जागेची नासधूस. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर ताबा जाऊ शकतो. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, एसी ही कामं, लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर ती पक्कं बांधकाम धरली जात नाहीत.

धोकादायक वाडा. पावसाळा जवळ आला की जुन्या पेठांमध्ये महापालिकेच्या नोटिसा लागतात. कायम दुर्लक्षित ठेवलेल्या भिंतीखाली माणसं राहू देणं हा जिवाशी खेळ आहे, म्हणून नोटीस खरी असेल तर भाडेकरूने हट्टाने आत राहू नये. पण बाहेर पडताना आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून घ्या, फोटो काढा आणि महापालिकेला व मालकाला लेखी कळवा, की मी सुरक्षेसाठी बाहेर पडतोय, भाडेहक्क सोडत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकाला स्वतःहून पाडून नवं बांधायचं असेल तर पैशांची तरतूद आणि नकाशे कोर्टाला दाखवावे लागतात, आणि नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूच्या हक्काचा प्रश्न तिथे येतोच.

दुरुस्ती मालकच करत नसेल तर कलम १४ वापरा. १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी त्याने केली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. दीडशे रुपये भाड्याच्या खोलीचा पत्रासुद्धा त्यात बदलत नाही. म्हणून मोठ्या कामासाठी दोघांनी लेखी समझोता करणं जास्त शहाणपणाचं.

पायरी ४: नोटीस

नोटिशीत जागेचं नेमकं वर्णन, चतुःसीमा, थकबाकी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आकडा आणि नेमकं कारण हवं. मूळ भाडेकरू वारला असेल तर राहणाऱ्या सगळ्या वारसांची नावं घाला. आपण सगळे अजून ‘रजिस्टर एडी’ म्हणत असलो तरी टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि ट्रॅकिंगचा कागद लगेच छापून घ्या.

भाडेकरूला विनंती: नोटीस घ्या. पोस्टमनला परत पाठवल्याने ती टळत नाही, योग्य पत्त्यावर पाठवलेली नाकारलेली नोटीस बजावली गेली असंच सहसा धरलं जातं. उत्तर द्या, थकबाकी खरी असेल तर त्या ९० दिवसांतच भरून टाका, आणि आकडा चुकीचा वाटत असेल तर मान्य तेवढी रक्कम भरून उरलेल्यावर लेखी हरकत घ्या.

पायरी ५: कोणत्या दारात जायचं

भाडेकरूविरुद्धचा दावा मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतो. आपल्याकडे तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातो. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्टाच्या परवानगीने ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते. हजरच झाला नाहीत तर एकतर्फी हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. पुढे मुद्दे निघतात, सरतपासणीची शपथपत्रं, उलटतपासणी, युक्तिवाद. जागेत बदल केलेत का, कोण राहतं, हे वादात असेल तर जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज लवकर करा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज किंवा रेकॉर्डिंग पुराव्यात आणायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

लायसन्सवरच्या राहत्या घरासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. तिथे लेखी करारच निर्णायक पुरावा. समन्स मिळाल्यावर लायसन्सवाल्याला ३० दिवसांत शपथपत्रासह ‘मला बाजू मांडू द्या’ अशी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरून ताब्याचा आदेश निघू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. विद्यार्थी, नोकरदार यांनी हे करार करतानाच समजून घ्यावं. गाळा किंवा दुकान लायसन्सवर दिलं असेल तर हा जलद मार्ग नाही.

पायरी ६: जबरदस्ती झाली तर त्याच आठवड्यात हलायचं

रोज नळाला पाणी येत नाही अशा या शहरात मालकाने जिन्यातली टाकी बंद केली किंवा मीटर काढलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकरांचे किती हाल होतात हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, संडास-सफाईची सोय तोडणं हा गुन्हा आहे आणि कोर्ट ती सुविधा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश देऊ शकतं. धमकी असेल तर मनाई हुकूम मागा. बाहेर काढूनच टाकलं असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करा. त्या दाव्यात मालकी कुणाची हे पाहिलंच जात नाही, फक्त कायदा डावलून ताबा घेतला का एवढंच पाहतात. लायसन्सची मुदत संपलेल्या माणसालाही दांडगाईने काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटलं आहे. पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणतील. तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

पायरी ७: समझोता, अपील आणि ताबा

माझं ठाम मत आहे, की पेठेतल्या जुन्या वाड्यांचे निम्म्याहून जास्त वाद लोकअदालतीत मिटण्यासारखे असतात. मालकाने हलण्यासाठी रक्कम द्यावी, भाडेकरूने तारीख द्यावी. हा समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. नुसत्या स्टँपपेपरवर आपसात लिहून घेतलेल्या कागदावर रक्कम मोजू नका.

निकाल लागला तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील. त्यानंतर दुसरं अपील नाही, उच्च न्यायालयात दाद मागता येते. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे. विरुद्ध निकाल लागलेल्या भाडेकरूने अपिलात स्थगिती मागितली, तर कोर्ट बाजारभावाने रक्कम भरायची अट घालू शकतं. दीडशे रुपये भाडं देणाऱ्याने हा हिशेब अपिलाआधीच वकिलाकडून करून घ्यावा.

हुकूमनामा हातात आला तरी मालकाने स्वतः कुलूप तोडायचं नाही. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा, ताब्याचं वॉरंट निघतं आणि कोर्टाचा बेलिफ पंचनामा करून ताबा देतो. त्या दिवशी सामानाची यादी, वीजमीटरचं रीडिंग आणि डिपॉझिटचा हिशेब दोघांच्या सह्यांनी एकाच कागदावर लिहून घ्या. डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर त्याचं बिल त्या कागदाला जोडा.